गिरणीचा कापूस

कोंबडीच्या पिल्लाला आई लागत नाही, ऊब लागते, असं सरकारी केंद्रातल्या डॉक्टरनं शिकवलं म्हणून माझी पोर कस्तुरा घरी येऊन सांगू लागली, तेव्हा मी म्हटलं, मग त्या डॉक्टरलाच अंड्यावर बसव की. सोजरनं, माझ्या बायकोनं, चुलीपुढून डोळे वटारले. पण कस्तुरा हसली. नवरा गेल्यापासून ती घरात हसलेली मला आठवत नव्हती, त्यामुळं मी आणखी दोनचार फाजील गोष्टी बोलून घेतल्या.

मी कोंडीबा. गाव मोडनिंब, पण जन्म गेला सोलापुरात. गिरणीच्या कार्डिंग खात्यात एकतीस वर्षं उभा होतो. गासडीतला कापूस पिंजून, विंचरून त्याचे पेळू करायचे, हे आमच्या खात्याचं काम. नुसता चिमटीत धरून कापूस कुठल्या भागातला ते मी सांगायचो, आणि जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादमसुद्धा मला विचारून पुढं जायचा. लोक मला तापट म्हणतात. मी तापट नाही, आपलंच खरं ठरायची सवय लागली होती, एवढंच. चौऱ्याहत्तर साली खोकल्यानं मला घरी बसवलं. घरी बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही, हे घरी बसल्यावर कळलं.

कस्तुरा आमची एकुलती एक. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीच्या कामावर दरड कोसळून तिचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी वर्षश्राद्ध होईपर्यंत ठेवून घेतलं आणि मग ट्रंकेसकट आमच्या दारात आणून सोडलं. चोवीस-पंचवीस वर्षांची पोर. मी असा खोकणारा, सोजरला एका डोळ्यानं दिसत नाही. आम्ही गेल्यावर हिचं कोण, हा विचार माझ्या डोक्यातून जात नव्हता. म्हणून मी वेळापूरच्या कुंडलिकाला शब्द देऊन बसलो. पाडवा झाला की म्होतूर लावायचं. म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्याला ना वाजंत्री, ना गाजावाजा, दिवेलागणीला चार माणसांत उरकून टाकायचं. कुंडलिक पन्नाशीला आलेला, बायको वारलेली, आई अंथरुणाला खिळलेली, गोठ्यात चार म्हशी. त्याला बायको नको होती, दोन हात हवे होते. हे मला पहिल्या बैठकीतच दिसलं होतं. दिसलं तरी मी सुपारी फोडली.

कस्तुरानं आदळआपट केली नाही. दोन दिवस ती जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी माझ्यापुढं येऊन बसली.

"आबा, एक डाव माझं मला करू द्या," ती म्हणाली. "न्हाय जमलं तर तुमी म्हणशीला तितं जाते."

हे पिल्लांचं तिच्या कानावर घातलं ते नीलम्मानं. नीलम्मा आमच्या चाळीच्या मालकाची बायको. नवऱ्याचं नव्या पेठेत कापडाचं दुकान, घरात रोज लिंगपूजा. अंड्याचं नाव काढलं तरी पदर नाकाला लावणारी बाई. पण गरजू बायकांना सरकार एक दिवसाची पन्नास पिल्लं देतंय, चार दिवस शिकवतंयसुद्धा, हे तिनंच कुठूनतरी ऐकून आणलं. वर चाळीमागची जळणाची खोली मोकळी करून दिली. अट एकच, पिल्लं तिच्या नजरेला पडता कामा नयेत. कस्तुराचा तिला लळा लागला होता.

मी म्हटलं, ठीक आहे. पाडव्याला पन्नासातली तीस जिती दाखव. मी स्वतः वेळापूरला जाऊन शब्द मागं घेतो. सोजर म्हणाली, कागदावर लिहून द्या. मी म्हटलं, कोंडीबाचा शब्द लिहून ठेवावा लागत नाही.

तर ती चार दिवस केंद्रात जाऊन शिकून आली. पाचवी शिकलेली पोर, पण डॉक्टरचं बोलणं तिनं असं तोंडपाठ केलं होतं की मी मधेच कुठलंही विचारलं तरी अडत नव्हती. जागा गोल पाहिजे. कोपरा असला की पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. वरून एक डालगं, म्हणजे बांबूची टोपली, पालथं टांगायचं, त्याच्या आत बल्ब. डालग्याची दोरी आठवड्याला चार बोटं वर ओढायची, कारण पिल्लू वाढेल तशी त्याला ऊब कमी लागते. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर समजायचं गारठलीत, कडेला पळाली तर समजायचं भाजतायत. सारखी पसरून दाणे टिपत असतील तर सुखात आहेत. हे शेवटचं सांगताना ती हात पसरून दाखवायची.

मला कुणी कामाला लावलं तर हवंच होतं. मी तेलाचे रिकामे डबे आणले, कापून, ठोकून सरळ केले आणि पत्र्याचं हातभर उंच कडं केलं. कडा हाताला लागू नयेत म्हणून दुमडून घेतल्या. डालगं कस्तुरानं बुरूडगल्लीतून आणलं. त्याला आतून शेणमातीनं लिंपलं, कागद चिकटवला. आमच्या खोलीत मालकानं दिलेला एकच बल्ब होता, त्याची वायर भिंतीला भोक पाडून मागच्या खोलीत नेली. म्हणजे आम्ही दोघं म्हातारी चिमणीच्या उजेडात जेवणार आणि कोंबड्या बल्बखाली. सोजर यावर महिनाभर बोलत राहिली. मी आणि कस्तुरा मात्र त्या आठ दिवसांत जेवढं बोललो तेवढं तिच्या जन्मापासून बोललो नव्हतो. "आबा, जरा डावीकडं," असं ती म्हणायची आणि मी डालगं डावीकडं सरकवायचो. मला बरं वाटत होतं. कुणीतरी मला पुन्हा कामावर घेतलं होतं.

मग खाली काय पसरायचं, हे निघालं. डॉक्टरनं शेंगांची टरफलं सांगितली होती. तेलाच्या घाण्यावर पोत्यानं मिळतात. नाहीतर भाताचं तूस, नाहीतर लाकडाचा भुसा. त्यावर पहिले चार दिवस कागद अंथरायचा आणि मग काढून टाकायचा.

मी म्हटलं, टरफलं? एक दिवसाचं पिल्लू, पाय काडीएवढे, त्याला टरफलावर चालवणार? टोचतील की.

आणि दुसऱ्या दिवशी मी गिरणीच्या दारात जाऊन उभा राहिलो. माझ्या खात्यातली पोरं अजून होती. मशीन पुसायला ठेवतात तो वेस्टचा कापूस, पेळूचे तुकडे, सुताचे गुंते, असं सगळं मिळून त्यांनी मला एक पोतं भरून दिलं. सोलापुरात गिरणीवाल्याच्या घरात वेस्टशिवाय काही होत नाही. उशीत वेस्ट, खिडकीच्या फटीत वेस्ट, दिव्याच्या वातीला वेस्ट, कानात घालायला वेस्ट. आमच्या चाळीत जन्मलेलं प्रत्येक पोर वेस्टच्या गादीवर झोपलंय. कस्तुराही झोपली होती. यापेक्षा ऊब कुठली? मी ते पोतं मागच्या खोलीत रिकामं केलं आणि बोटांनी पिंजून पिंजून चार बोटं जाड असा थर दिला. इतकी सुबक गादी मी कुणा माणसासाठी केली नव्हती.

कस्तुरा दारात उभी राहून बघत होती. "आबा, डॉक्टरांनी टरफलं सांगितल्यात."

मी म्हटलं, तुझा डॉक्टर अक्कलकोटकडचा. त्याला कापसातलं काय कळतंय.

ती म्हणाली, एकदा विचारून येऊ का. जाऊन यायला तासाचं काम.

त्यावर मी भडकलो. एकतीस वर्षं कापसात काढलेल्या बापाला सोडून कालच्या पोराला विचारणार, एवढा मी घरात फुकट गेलो का, असं बरंच बोललो. बोलता बोलता खोकला लागला. तिनं पाणी आणून दिलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. डॉक्टरनं कापूस घालू नका असं सांगितलं नव्हतं, हे खरं. जगात दुसऱ्या कुणी घातलाच नसता, मग तो कशाला सांगेल.

पिल्लं संक्रांतीच्या आधी आठवडाभर आली. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पन्नास, पिवळीधमक. गुळाचं पाणी मातीच्या परळात ओतून तिनं एकेकाची चोच त्यात बुडवली. पन्नासच्या पन्नास. मग पिल्लं डालग्याखाली पसरली आणि खोलीभर चिवचिवाट सुरू झाला. मक्याचा भरडा टाकला की टकटक आवाज यायचा कागदावर. सोजर एरवी नाकं मुरडायची, पण तीही दिवसातून चारदा काही ना काही निमित्त काढून मागं जायला लागली. नीलम्मा एकदा दारापर्यंत आली, डोळ्यांवर हात धरून बोटांच्या फटीतून बघितलं आणि "अय्यो, किती बारीक" म्हणून गेली. चार दिवसांत एकही पिल्लू मेलं नाही. डॉक्टर म्हणाला होता, दोनचार तरी जातातच. मी चाळीत सगळ्यांना ऐकवलं, कापसाची गादी आहे, जातील कशाला.

पाचव्या दिवशी डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे तिनं कागद काढला.

दुसऱ्या दिवशी एका पिल्लाच्या पायाला सूत गुंडाळलं गेलेलं सापडलं. पाय काळा पडला होता. कस्तुरानं कात्रीनं सूत कापलं, हळद लावली, पण ते संध्याकाळी मेलं. मी म्हटलं, पन्नासातलं एक. मग आणखी दोन गेली, त्यांच्या पायाला काही नव्हतं. ती नुसती पंख सोडून, डोळे मिटून उभी राहायची. गळ्याखाली दाण्याची पिशवी असते ना, ती टम्म फुगलेली, आणि पिल्लू मात्र हाताला हलकं लागायचं. मी म्हटलं, खादाड आहेत, भरडा कमी टाक. तिनं कमी टाकला. उपाशी पिल्लं मग खाली टोचत राहायची, दिवसभर.

संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. नीलम्मा म्हणाली, पोर तीन वर्षं कुठल्या जत्रेला गेलेली नाही, मी हिला नंदीध्वज दाखवून आणते. कस्तुरा नको म्हणत होती. मीच तिला जा म्हटलं, मी आहे ना इथं. ती गेली आणि तासाभरात दिवे गेले. मी लगेच कंदील पेटवून डालग्यात टांगला. वरून पोतं टाकलं. दोन तास मी तिथून हललो नाही, आणि पिल्लं सारखी पसरून बसली होती, मी नीट बघितलं. कस्तुरा अंधारातून धापा टाकत परत आली तेव्हा दिवे यायचेच होते. तिनं हात घालून एकेक पिल्लू चाचपलं. हातात जत्रेतली रेवड्यांची पुडी होती, ती तिनं तशीच कोनाड्यात ठेवून दिली.

त्या रात्रीनंतर मरण थांबलंच नाही. रोज चार, रोज पाच. सकाळी ती खोलीचं दार उघडायच्या आधी बाहेर उभी राहून कानोसा घ्यायची. चिवचिवाट रोज कमी. मेलेली पिल्लं ओच्यात घालून ती चाळीमागच्या मोकळ्या जागेत पुरून यायची आणि हात धुऊन पुन्हा डालग्याजवळ बसायची. बल्ब बदलून बघितला. पाण्यात हळद घालून बघितली. सोजरनं दृष्ट काढली. तीसचा आकडा तोंडानं कुणी काढत नव्हतं. एके सकाळी सव्वीस राहिली. कस्तुरा माझ्याकडं न बघता म्हणाली, "आबा, तुमी जाता का डॉक्टरांकडं? मला त्येंच्यापुढं तोंड दाखवायची लाज वाटते."

मी तीन मेलेली पिल्लं पंच्यात बांधून केंद्रात गेलो. डॉक्टरचं नाव विरुपाक्ष. माणूस तरुण, कपाळाला विभूती, स्वतः अंडं न खाणारा. मला मामा म्हणायचा. त्यानं एक पिल्लू उताणं ठेवलं, गळ्याखाली ब्लेडनं चीर दिली आणि चिमट्यानं ओढायला लागला. ओलं, पिवळट, पीळ पडलेलं असं काहीतरी बाहेर यायला लागलं. संपेचना. मला ओळखायला चिमटीत धरावं लागलं नाही. कार्डिंगचा पेळू होता.

"मामा, ह्याच्यात दाणा नाहीच," तो म्हणाला. "सगळा कापूस. पिशवीत गोळा होऊन बसला, खाली काही उतरलंच नाही. पोट भरलेलं आणि उपाशी मेलंय. खाली कापूस कुणी घातला?"

मी म्हटलं, "पोरीनं."

असं कसं तोंडातून निघालं, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारतोय. दारात दोन शेतकरी उभे होते, टेबलाशी एक शिपाई होता. एवढीच माणसं. त्यातलं कुणी मला ओळखत नव्हतं. तरी त्यांच्यापुढं मला, कापसातल्या कोंडीबाला, हे आपलं काम म्हणून सांगता आलं नाही.

डॉक्टर वैतागला. म्हणाला, "चार दिवस टरफलं, टरफलं म्हणून घसा कोरडा केला की. आणि तुम्ही तर गिरणीतले. तुम्ही तरी तिला अडवायचं."

"मी घरी नव्हतो," मी म्हटलं.

मग तो म्हणाला, थंडीनं गेली असती, रोगानं गेली असती, तर पन्नासची दुसरी खेप तिला दिली असती. तशी तरतूद आहे. पण शिकवलेलं सोडून भलतंच केलं तर देता येत नाही. मला तसा शेरा लिहावा लागतो. असं म्हणून तो उठला आणि कोपऱ्यातल्या बादलीजवळ जाऊन साबणानं हात धुवायला लागला. कोपरापर्यंत धुतले त्यानं. तेवढ्या वेळात मला सांगता आलं असतं. डॉक्टर, पोरीनं नाही, मी घातला, ती नको म्हणत होती. एवढंच वाक्य. मी ते मनात जुळवलंही. तो हात पुसून परत आला, कागद ओढला आणि लिहायला बसला. मी पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि बाहेर पडलो.

घरी येऊन सांगितलं, थंडीनं मेली. दुसरी खेप मिळते का, तिनं विचारलं. मी म्हटलं, योजना संपली.

कस्तुरा भिंतीला टेकून खाली बसली. "मी जत्रेला गेले," ती म्हणाली. "दोन तास. मी हितं असते तर गारठली नसती."

पिल्लं त्या संध्याकाळी गारठली नव्हती, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी चपला काढल्या, कोपऱ्यात नीट ठेवल्या आणि म्हटलं, झालं ते झालं. सोजर तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि जत्रेला पाठवल्याबद्दल नीलम्माला बोल लावत होती. तेही मी ऐकून घेतलं.

दुपारी कस्तुराचा डोळा लागला तेव्हा मी मागच्या खोलीत जाऊन सगळा कापूस पोत्यात भरला, ओला झाला होता असं सांगायचं ठरवलं, आणि घाण्यावरून टरफलं आणून पसरली. ज्यांच्या पोटात कापूस गेला होता ती पुढच्या चार-सहा दिवसांत गेली. नऊ राहिली. त्यानंतर एकही मेलं नाही. ती नऊ टरफलं उकरत, उधळत, भराभर वाढायला लागली. त्यांना बघून कुणालाही आनंद झाला असता. मला भीती वाटायला लागली.

कारण कस्तुरा विचार करणारी पोर. ती डालग्याजवळ बसून त्या टरफलांकडं बघत राहायची. एकदा म्हणाली, "टरफलावर एक बी मेलं न्हाय, आबा." मी म्हटलं, थंडी संपली की आता. दोन दिवसांनी म्हणाली, केंद्रात जाऊन डॉक्टरांना भेटून येते, पुढच्या वर्षी योजना आली तर नाव घालतील. मी म्हटलं, काही नको, झाली तेवढी शोभा पुरे. आवाज चढवून म्हटलं. आणि त्याच आठवड्यात मी एस.टी. पकडून वेळापूरला गेलो. शब्द मागं घ्यायला जायचं होतं तिथं मी शब्द पुढं ओढायला गेलो. पाडव्यापर्यंत कशाला थांबायचं, मी कुंडलिकाला म्हटलं, माघातच उरकून घेऊ. त्याला काय, म्हशींची धार काढायला माणूस हवंच होतं. तो लगेच हो म्हणाला.

मुदत माझी होती आणि ती मीच मोडली. तिनं डॉक्टरला गाठू नये एवढ्यासाठी. सोजरलासुद्धा हे आवडलं नाही. ती म्हणाली, "अवं, अजून दीड महिना हाय की पाडव्याला." मी म्हटलं, नऊ कोंबड्यांची दीड महिन्यात तीस होणार आहेत का. कस्तुरानं ऐकलं आणि मान डोलावली. ती तेव्हा रडली असती, भांडली असती, तर कदाचित मी बोललो असतो असं मला वाटतं. पण हेही मी माझ्या सोयीनं म्हणत असेन.

म्होतूर झालं. दिवेलागणीला, चार माणसांत, मालकाच्या ओसरीच्या मागं. नीलम्मानं तिला इरकली लुगडं नेसवलं आणि स्वतः आत जाऊन बसली, बाहेर आली नाही. सकाळच्या एस.टी.नं कुंडलिक तिला घेऊन निघाला. स्टँडवर तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाली, खोकल्याला जपा, आबा, धुराजवळ बसत जाऊ नका. कोंबड्यांना संध्याकाळी झाकायचं विसरू नका. गाडी हलली तेव्हा ती पुढं बघत होती, मागं नाही.

पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. जेवण जाईना. वेळापूरहून येणाऱ्या माणसाकडून कळलं की कुंडलिकाची आई अंथरुणात सगळं करते आणि कस्तुराला दिवसातून तीनदा गोधड्या धुवायला लागतात. तो मारत नाही म्हणे. हे सांगणाऱ्यानं चांगली बातमी म्हणून सांगितलं. त्या दिवशी मी पंचा खांद्यावर टाकला आणि सोलापुराच्या उन्हात चालत केंद्रात गेलो. म्हटलं, निदान तो शेरा तरी पुसून घेऊ. निदान एका माणसाला तरी खरं काय ते कळू दे.

विरुपाक्ष डॉक्टर एकटाच होता. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, कापूस मी घातला होता, पोर नको म्हणत होती, तुम्हाला विचारायला यायला निघाली होती, मी येऊ दिलं नाही.

त्यानं स्टूल माझ्याकडं सरकवलं. मग म्हणाला, "मामा, कस्तुराबाई येऊन गेल्या की इथं."

म्होतराच्या आधीच्या सोमवारी, तो म्हणाला. मला तो सोमवार आठवला. नव्या पेठेत बांगड्या भरायला जाते म्हणून ती एकटीच गेली होती. इथं येऊन तिनं विचारलं होतं, पिल्लं कशानं मेली. त्यानं सगळं सांगितलं. पोटातला कापूस, आणि तो तिनंच घातला, आपण घरी नव्हतो, असं वडील सांगून गेले, तेही.

मी विचारलं, "मग काय म्हणाली?"

"म्हणाल्या, व्हय, मीच घातला. आबा घरी न्हवते."

तो पुढं सांगत होता, ते ऐकून मला काय होतंय हे त्याला कळत नव्हतं, त्यामुळं सहज सांगत होता. त्या दिवशी शेडमध्ये पिल्लांची नवी खेप उतरलेली होती. तो तिला म्हणाला होता, थंडीनं गेली असती तर यातली पन्नास आत्ता तुमच्या पदरात घातली असती. तिनं विचारलं, नुसती बघू का. बघा की, तो म्हणाला. तेव्हा ती आत जाऊन बल्बखाली पसरलेली पिल्लं बघत थोडा वेळ उभी राहिली, आणि मग बांगड्या भरायला उशीर होतो म्हणून निघून गेली.